चारही घोडे उक्ते विकण्यापूर्वी

प्रश्न : दिग्रस तालुक्यातील (जि. यवतमाळ) एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडे चार घोडे आले आहेत. सात वर्षांची पांढरी नुकरा घोडी, चार वर्षांचा खच्ची न केलेला कुमैत (तांबूस रंगाचा) घोडा, आठवा महिना चालू असलेली बारा वर्षांची गाभण घोडी आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा एक म्हातारा घोडा. वरातीचा व्यवसाय वडीलच पाहत असत, आपल्याला त्या धंद्यातले कळत नाही, असे ते लिहितात. आठ एकर कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नात हा खर्च आता भागत नाही. एक हेडी (जनावरांचा व्यापारी) चारही घोडे उक्ते, म्हणजे एकगठ्ठा भावात, घ्यायला तयार आहे, पण आई म्हाताऱ्या घोड्याला घराबाहेर जाऊ देत नाहीत. गोशाळेत द्यावे का, की दूर रानात सोडून द्यावे, असेही सल्ले त्यांना गावातून मिळत आहेत.

उत्तर : तुमच्या प्रश्नात चार घोड्यांची जी माहिती आहे, तिच्यातच उत्तराची दिशा आहे. हे चार घोडे म्हणजे एक ओझे नसून चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर निराळे निघते. पशुवैद्यक म्हणून या भागात काम करताना मी जे पाहत आलो, त्यात घोड्यांची सर्वांत वाईट परवड अशाच घरांत झाली आहे, जिथे मालकाने आधी वर्षभर काहीच ठरवले नाही आणि मग एका दिवशी सगळे एकदम उरकून टाकले. हेड्याचा उक्ता भाव ऐकायला सोयीचा वाटतो. पण त्या भावात तो नुकरा घोडीचे पैसे मोजत असतो, कुमैत घोडा त्याला स्वस्तात पडतो, आणि म्हाताऱ्याची किंमत शून्य धरलेली असते. म्हाताऱ्या घोड्याला तो पोसणार नाही, हे त्यालाही माहीत असते आणि तुम्हालाही. तेव्हा त्याला आज स्पष्ट नकार द्या. उद्या त्याच्याशी एकट्या घोडीचा व्यवहार करायला काहीच हरकत नाही.

आधी खर्चाचा हिशेब कागदावर मांडा, कारण पावसाळ्यात तो फसवा दिसतो. पोळ्याच्या सुमारास धुऱ्यांवर (बांधांवर) गवत उभे असते, घोडे चरून येतात आणि निभावते आहे असे वाटते. खरी ओढ फाल्गुनापासून मृगापर्यंत लागते. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे साडेतीनशे किलोच्या जनावराला सात किलो आणि वाया जाणारा धरला तर आठ. चार घोड्यांचे वर्षाचे गणित साडेअकरा टनांच्या घरात जाते. आपल्या वऱ्हाडात पूर्वी घरोघर ज्वारी असे आणि कडब्याच्या गंजी लागत. ज्वारीचे क्षेत्र सोयाबीन आणि कापसाने खाल्ले, तसा कडबा विकत घ्यायची वस्तू झाला. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) घोड्याला उपयोग नाही. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरपूर निघते, पण त्यातल्या जाड काड्यांनी घोड्याच्या आतड्यात गोळा बसून पोटशूळ होण्याचा धोका असतो, म्हणून ते चाळून आणि थोड्याच प्रमाणात द्यावे. तूर आणि हरभऱ्याचे कुटार त्यापेक्षा बरे, मात्र धूळ झटकलेले आणि बुरशी न लागलेले असावे. गव्हांडा (गव्हाचे काड) पोट भरतो, पोषण फारसे करत नाही.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नका, कारण रोज पाहणाऱ्याला उतरती कळा दिसत नाही. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 160 आणि लांबी 150 आली तर वजन सुमारे 323 किलो भरते. दर पंधरा दिवसांनी चारही घोड्यांचे आकडे भिंतीवर लिहीत चला. तळहात सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. विक्रीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे, कारण भरलेल्या अंगाचा घोडा निवडून गिऱ्हाईक घेता येतो, तर हाडे दिसू लागलेला घोडा जो येईल त्याला द्यावा लागतो.

खर्च कुठे कापावा, याबद्दल लोक नेमके उलटे करतात. चारा आणि जंतनाशक कापतात आणि हरभऱ्याचा खुराक मात्र चालू ठेवतात, कारण वडील देत होते. वरातीला न जाणाऱ्या, खुंट्याला उभ्या असलेल्या घोड्याला पुरेसा चांगला चारा असेल तर धान्याची गरज अगदी थोडी असते, आणि रिकाम्या घोड्याला जास्त धान्य घातले तर खुरांचा दाह होऊन तो कायमचा लंगडा होऊ शकतो. तेव्हा खुराक हळूहळू, आठ-दहा दिवसांत कमी करा. एका रात्रीत बदललेला चारा-दाणा हे पोटशूळाचे नेहमीचे कारण आहे. काम नसलेल्या घोड्याला नाल मारण्याचीही गरज नाही. जुने नाल काढून घ्या, पण दर सहा ते आठ आठवड्यांनी खुरे तासून घेणे सोडू नका. नालबंद मिळत नाही ही आपल्याकडची खरी अडचण आहे, म्हणून तो येईल तेव्हा चौघांचीही खुरे एकाच दिवशी करून घ्या. मीठ, स्वच्छ पाणी, जंतनाशक आणि धनुर्वाताची लस यांत काटकसर करू नये. धनुर्वात घोड्याला फार पटकन होतो आणि झाल्यावर वाचवणे कठीण जाते.

एक धोका इथे ठळकपणे सांगून ठेवतो. स्वस्त पडते म्हणून गाईम्हशींचे तयार पशुखाद्य किंवा कोंबड्यांचे खाद्य घोड्याला घालू नका. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला ते मानवते, पण घोड्याच्या हृदयाला ते अगदी अल्प प्रमाणातही घातक ठरते. सरकीच्या ढेपेवरही घोडा पोसू नये.

आता एकेकाकडे वळू. नुकरा घोडी ही तुमची सर्वांत विकाऊ आणि सर्वांत कमावती. हिच्याबाबतीत घाई केली तर नुकसान तुमचेच आहे. चातुर्मासात लग्ने नसल्याने आत्ता मागणी थंड असते. तुळशीच्या लग्नानंतर वरातीचा हंगाम सुरू होतो आणि बँडवाले, मंडपवाले दिवाळीच्या आधीच घोडीच्या शोधात असतात. तुमच्यापासून सोयीची मोठी जत्रा म्हणजे नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, जी मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात भरते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा घोडेबाजार अधिक मोठा आहे, पण तापीकाठापर्यंतचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च पाहता एका घोडीसाठी तो परवडेलच असे नाही. बाजारही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. 2012 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होते, ते 2019 च्या गणनेत 3.4 लाखांवर आले. पाळणारे कमी झाले, तसे घेणारेही कमी झाले. म्हणून जत्रेची वाट पाहत असतानाच आर्णी, पुसद, दारव्हा, कारंजा या बाजूंच्या बँडवाल्यांशी स्वतः बोला. वडिलांच्या जुन्या वहीत त्यांची नावे नक्की असतील आणि तीच तुमची खरी बाजारपेठ आहे.

गिऱ्हाईक आले की ते दातांआधी भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वळणे, पाहील. देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का, आसूढाळ (अशुभ मानला जाणारा) तर नाही ना, यावर भावाची घासाघीस होईल. भोवऱ्यांचा घोडीच्या प्रकृतीशी काडीचाही संबंध नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. परंतु बाजार त्यावर चालतो, हेही खरे. तेव्हा भोवऱ्यांवर वाद घालू नका. घोडी ढोल-ताशात, फटाक्यांत शांत राहते, हे त्यांच्यासमोर चालवून दाखवा. वरातवाल्याला त्याचेच मोल असते.

विकण्याऐवजी ती बटईने द्यावी का, असाही विचार तुमच्या मनात येईल. हंगामात घोडी बँडवाल्याकडे, कमाई निम्मी, चारा त्याचा, अशी पद्धत आहे. ती चालते, पण माणूस ओळखीचा असेल तरच, आणि कागदावर लिहून घेतले असेल तरच. हंगाम संपल्यावर हाडे निघालेली घोडी परत आली, तर भाड्याचे पैसे औषधात जातात. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने 1965 मध्ये केलेल्या नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम देण्यास मनाई आहे, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावराला कामाला जुंपता येत नाही. वैशाखातल्या दुपारच्या वरातीत नवरदेवाला घेऊन चालणाऱ्या घोडीलाही तीच मर्यादा लागू करावी, असे माझे मत आहे. करारात ही अट स्पष्ट शब्दांत घाला. माझा स्वतःचा कल बटईपेक्षा विक्रीकडे आहे, कारण तुम्हाला या धंद्यातले कळत नाही, असे तुम्हीच लिहिले आहे आणि न कळणाऱ्याच्या जनावराची देखरेख शेवटी कोणीच करत नाही.

कुमैत घोडा चार वर्षांचा आहे आणि खच्ची केलेला नाही. घरात दोन घोड्या असताना असा घोडा वेगळा बांधावा लागतो, वेगळा फिरवावा लागतो, आणि एकटी बाईमाणसे घरी असतील तर तो धोक्याचाही ठरतो. तो उंचीने साधारण साठ इंचांच्या वर भरत असेल, रूप आणि चाल चांगली असेल, मारवाडी किंवा काठियावाडी रक्ताची वंशावळ सांगता येत असेल, तर वळू म्हणून त्याला जत्रेत भाव मिळू शकतो. वंशावळ माहीत नसेल आणि उंची बेताची असेल, तर त्याला खच्ची करून घ्या, असा माझा आग्रह आहे. लोकांना वाटते की खच्ची केल्याने किंमत पडते. सामान्य घोड्याच्या बाबतीत उलट होते: खच्ची केलेला, खोगिराखाली शांत चालणारा घोडा चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणारा घेईल, हौशी शेतकरी घेईल, वरातवालाही घेईल, उधळणाऱ्या वळूला मात्र मोजकेच गिऱ्हाईक असते. शस्त्रक्रिया पावसाळा ओसरून माश्या कमी झाल्यावर, म्हणजे कोजागिरीच्या पुढे करावी. आधी धनुर्वाताची लस पूर्ण झालेली हवी आणि नंतर दोन-तीन आठवडे रोज चालवणे हवे, नाहीतर सूज उतरत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्याला भूल देण्याची सोय नसेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था किंवा नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे आधी चौकशी करून न्या. घरी बांधून, भुलीशिवाय, कोणा जाणत्याकडून हे करून घेणे म्हणजे क्रूरता आहे, आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडण्यासारखे आहे.

गाभण घोडीचा प्रश्न तारखांचा आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. आठवा चालू आहे म्हणजे ती साधारण मार्गशीर्षाच्या आसपास विईल, आणि शिंगरू सहा महिन्यांचे होऊन त्याचे दूध तोडेपर्यंत ज्येष्ठ उजाडेल. शेवटचे तीन महिने आणि दूध पाजण्याचा काळ यांत तिचा आहार वाढतो. म्हणजे चौघांत आज सर्वांत कमी खर्चाची वाटणारी ही घोडी भर उन्हाळ्यात सर्वांत जास्त खाणार आहे. तिला आता लांबच्या बाजारात टेम्पोने नेणे मी मान्य करणार नाही. त्यापेक्षा वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतला, घोडी पाळणारा माणूस शोधा, इसार घेऊन व्यवहार आत्ताच ठरवा आणि एकतर ती लगेच सावकाश पायी त्याच्याकडे पोचवा, किंवा विल्यानंतर शिंगरासह द्यायचे ठरवून तोपर्यंतचा चारा त्याच्याकडून घ्या. दुसरा पर्याय दोघांनाही सोयीचा पडतो, कारण घेणाऱ्याला शिंगरू डोळ्यांनी पाहून घेता येते. शिंगरू पोटात मेले किंवा घोडी विताना गेली तर इसाराचे काय, हे आधीच लिहून ठेवा. गावातली भांडणे इथेच होतात. आणि यापुढे तुमच्या घरी घोडी फळवू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडे, गाढवे, उंट यांच्या पैदाशीसाठी पन्नास टक्के, कमाल 50 लाखांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद झाली, हे कोणीतरी तुम्हाला सांगेलच. ती योजना भांडवल आणि अनुभव असलेल्या उद्योजकासाठी आहे. खर्च झेपत नाही म्हणून घोडे कमी करणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

आता म्हातारा घोडा. त्याच्यासाठी तुमच्या आईंचे म्हणणे मी बरोबर मानतो, फक्त त्याला एक अट जोडतो. तो विकू नये, फुकट देऊ नये, कोणाच्या हवाली करू नये. पंचवीस वर्षांचा घोडा जो फुकट नेतो, तो एकतर त्याला वाळू-विटांच्या ओझ्याला लावतो किंवा पुढे ढकलतो. खाद्यासाठी घोड्याची कत्तल आपल्या अन्नसुरक्षा नियमांत बसतच नाही, म्हणून असे जे होते ते चोरून होते आणि चोरून होणाऱ्या कामात दयामाया नसते. या घोड्याला दोनच वाटा प्रामाणिक आहेत. एक, तुमच्या कोठ्यात त्याला नीट ठेवणे; दुसरी, वेळ आल्यावर पशुवैद्यकाकडून त्याला वेदनारहित मरण देणे.

पहिली वाट किती दिवस चालेल, ते त्याच्या तोंडात पाहून ठरते. उद्या सकाळी त्याची गव्हाण झाडण्याआधी खाली वाकून पाहा. ओल्या, अर्धवट चावलेल्या चाऱ्याच्या बोटभर लांबीच्या वळकट्या पडलेल्या दिसल्या, तर त्याला चावता येत नाही, हे नक्की समजा. लीद फोडून पाहा. त्यात बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या आणि अख्खे हरभरे दिसले तर तेच. खाताना तो मान एका बाजूला तिरपी करत असेल, पाणी पिताना थांबत असेल, तोंडाला घाण वास येत असेल, तर एखाद्या दाढेला कड आली आहे किंवा दाढ हलते आहे. कडा कानशीने घासून घेतल्या तर अनेक म्हातारे घोडे पुन्हा खाऊ लागतात. दाढाच झिजून सपाट झाल्या असतील तर घासण्याने काही होत नाही आणि चारा बदलावा लागतो. कडब्याची बारीक कुट्टी, गव्हाचा कोंडा, ज्वारीचा भरडा आणि चिमूटभर मीठ पाण्यात भिजवून, मऊ लापशीसारखे करून दिवसातून चार वेळा द्या. हा खर्च तीन घोडे कमी झाल्यावर तुम्हाला झेपेल. खाऊनही तो वाळत असेल, ताप येऊन जात असेल, पोटाखाली आणि पायांवर सूज दिसत असेल, तर रक्त तपासून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात घोडमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो, आणि तो म्हातारपण समजून सोडून दिला जातो. सर्रा औषधाने बरा होतो.

घोडा कळपाचे जनावर आहे, त्यामुळे तीन घोडे गेल्यावर हा एकटा पडेल. गाभण घोडी विईपर्यंत तुमच्याकडे राहिली तर तोवर त्याला सोबत आहे. पुढे बैलांच्या शेजारी बांधा. बरेच घोडे बैल किंवा बकरीची सोबत मानून घेतात.

दुसऱ्या वाटेविषयी आईंशी आत्ताच, घोडा धडधाकट असताना बोला. दात घासून घेऊनही आणि भिजवलेले खाऊनही पंधरवड्यामागे पंधरवडा वजनाचा आकडा उतरतच असेल, बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नसेल, किंवा उठता येणार नाही या भीतीने तो बसायचेच बंद झाला असेल, तर वेळ आली आहे. ही वेळ आषाढात चिखलात पडलेल्या घोड्याभोवती बल्ल्या आणि दोर घेऊन जमलेल्या गर्दीत येऊ नये, यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि पावसाच्या आधी एकदा त्याची तपासणी करून ठरवा. काम नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असते. आधी झोपेचे इंजेक्शन देऊन घोडा शांत करतात, मान खाली जाते, मग मानेच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. तो खाली बसतो, पडतो आणि थोड्याच वेळात हृदय थांबते. डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करूनही पापणी हलत नाही आणि छातीवर ठोका ऐकू येत नाही, हे पाहिल्याशिवाय पशुवैद्यक उठत नाही. पाय क्वचित झटकले जातात, तो वेदनेचा भाग नसतो. हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. जागा अशी निवडावी की घोडा चालत जाईल आणि जेसीबीने खणून ठेवलेला आठ-दहा फुटांचा खड्डा जवळच असेल. विहीर, बोअर आणि नाला यांपासून जागा दूर हवी, आणि वरून चुना हवा. मृत घोडा उघड्यावर टाकू नका. भुलीचे औषध मांसात राहते आणि ते खाणारे कुत्रे, गिधाडे मरतात. शेवटच्या दिवसांत वेदनाशामक देतानाही डायक्लोफिनॅक कोणाला देऊ देऊ नका. जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे, आणि 2023 मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांसाठी त्यामानाने सुरक्षित आहे. घोड्याचा विमा असेल तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि पशुवैद्यकाचा दाखला घ्या, नाहीतर दावा फेटाळला जातो.

स्वतः विष घालणे वा कोणाकडून मारून घेणे हा विषय डोक्यातून काढून टाका. जनावर मारणे, विष देणे, जायबंदी करणे याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

रानात सोडण्याचा सल्ला देणारे लोक तो घोडा पुढे काय खाईल आणि कुठे पाणी पिईल, याचा विचार करत नाहीत. कोठ्यात वाढलेला घोडा टिपेश्वरच्या जंगलात जाऊन जगत नाही. तो शेजारच्या शिवारातल्या हरभऱ्यात शिरतो, मार खातो, महामार्गावर येतो. 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्यात घोडे, शिंगरे, तट्टे सगळी येतात, त्यामुळे पीक खाल्लेला घोडा कोंडवाड्यात जातो आणि दंड मालकाला भरावा लागतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात, उपासमार होईल अशा रीतीने जनावर सोडून देणे हा गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये इतका हास्यास्पद आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी दंडाची भीती घालत नाही.

गोशाळेबद्दल थोडक्यात. बहुतेक गोशाळा गाईसाठी उभारलेल्या असतात, तिथे घोड्याचे खूर करणारा, दात पाहणारा कोणी नसतो. घोडा स्वीकारणारी एखादी पांजरपोळ सापडलीच तर आधी स्वतः जाऊन तिथले घोडे पाहा, त्यांची खुरे पाहा. ती वाढून वर वळलेली दिसली तर परत या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे चौकशीचा अर्ज जरूर द्या, पण त्या उत्तराच्या भरवशावर दिवाळी ओलांडू देऊ नका.

विक्रीची कागदपत्रे साधीच आहेत, पण वेळ खातात. ग्रामपंचायतीचा मालकीचा दाखला, घोड्याचा रंग, खुणा, भोवरे लिहिलेली आणि फोटो जोडलेली विक्रीची पावती, आणि वाहनाने नेताना पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला. याशिवाय ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, 2009 च्या संसर्गजन्य रोग कायद्याखाली तो कळवणे बंधनकारक आहे, आणि बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला नष्ट करून मालकाला भरपाई दिली जाते. नाकातून घट्ट पिवळा स्राव आणि पायांवर गाठींची माळ दिसली तर विक्री थांबवून लगेच दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवा. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवले जातात, त्यामुळे जत्रेच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. नमुना नवरात्रातच काढून घ्या.

शेवटी एक गोष्ट, जी हेड्याने तुम्हाला विचारली नसेल. वडिलांचा वरातीचा साज, म्हणजे जरीची झूल, चांदीचा मुलामा असलेली सरी, खोगीर, लगाम, तुरे आणि असेल तर बग्गी, हे घोड्यांसोबत देऊ नका. उक्त्या व्यवहारात हे सगळे ‘त्यातच’ जाते आणि पुष्कळदा घोड्याइतकीच किंमत या साजाची असते. त्याची वेगळी यादी करा, वेगळा भाव करा आणि ते पैसे बँकेत वेगळे ठेवा. म्हाताऱ्या घोड्याचा चारा, त्याचे दात आणि पुढे लागेल तेव्हा जेसीबीचे भाडे त्यातूनच निघेल.